१४ महिन्यांच्या बाळाची सर्दी आणि घरातली निलगिरीची बाटली

ताई, तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. मुलगी १४ महिन्यांची आहे. पाऊस सुरू झाल्यापासून तिची सर्दी हटत नाही, रात्री नाक चोंदलं की उठून रडते. सासूबाई उटी-म्हैसूरच्या सहलीहून आणलेलं निलगिरीचं तेल रुमालावर टाकून तिच्या उशीपाशी ठेवतात, कधी दोन थेंब छातीला चोळतात. मैत्रीण म्हणाली हे विष आहे. सासूबाई म्हणतात, आमची सगळी पोरं याच्यावरच वाढली. तुमचे यजमान तेच तेल गुडघ्याला लावतात आणि तुम्हाला ते लादी पुसायच्या पाण्यातही घालायचंय. बाटलीतलं तेल खरं आहे का, अशीही शंका आहे. तर ठेवू की टाकून देऊ?

ठेवा. पण मुलीसाठी आज रात्रीपासून बंद करा. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी कशी खरी, ते सविस्तर सांगते. मी कोल्हापुरात औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून पंचवीसेक वर्षं झाली, आणि जून ते सप्टेंबर हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतच असतो. दर वेळी मी आधी तीन गोष्टी विचारते: तेल कोणाला लावताय, कशात मिसळून लावताय आणि बाटली घरात कुठे ठेवलीय. उत्तर या तिन्हींवर ठरतं.

आधी हे तेल करतं काय ते बघू. निलगिरीच्या तेलाचा मुख्य घटक सिनिओल. औषधी दर्जाच्या तेलात तो साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त असतो. आपल्या नाकात, तोंडात थंडी ओळखणारी नसांची टोकं असतात. पुदिन्याचं सत्त्व म्हणजे मेंथॉल आणि हे सिनिओल ती टोकं जागी करतात, म्हणून गार हवा आत जातेय, नाक मोकळं झालंय असं वाटतं. मेंथॉलवर जे प्रयोग झाले त्यांत दिसलं, की माणसाला नाक उघडल्यासारखं वाटतं तेव्हाही नाकातून जाणारी हवा मोजली तर तेवढीच भरते. सूज उतरत नाही, विषाणू मरत नाही. मोठ्या माणसाला या वाटण्याचाही उपयोग आहे. बरं वाटलं की झोप लागते, आणि सर्दीत झोप हवीच. पण १४ महिन्यांच्या मुलीला हा दिलासा किती मिळतो ते ती सांगू शकत नाही, आणि ज्या वासानं आपल्याला हुशारी येते तोच तिच्या एवढ्याशा नाकाला झोंबू शकतो. म्हणजे तिच्या बाजूनं फायदा संशयाचा आणि धोका मात्र खरा. माझा सगळा निर्णय इथून निघतो.

धोका कसला? पहिला नाकाशी. कापूर, मेंथॉल, सिनिओल यांसारखे तीव्र पदार्थ तान्ह्या किंवा लहान मुलाच्या नाकात किंवा अगदी नाकाशी गेले, तर घशातला स्वरयंत्राचा भाग एकदम आवळू शकतो, श्वास काही क्षण अडकू शकतो. रोज घडणारी गोष्ट नाही ही, पण घडली तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणूनच छातीला चोळायच्या बहुतेक बामवर २ वर्षांखालच्या मुलांना लावू नये असं छापलेलं असतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०११ साली, सिनिओल आणि कापूर असलेल्या खोकल्याच्या सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायच्या औषधी वड्या) ३० महिन्यांखालच्या मुलांना आणि पूर्वी फीट किंवा तापात झटके आलेल्या मुलांना देऊ नयेत असं सांगितलं, कारण या पदार्थांनी लहान मुलांत झटके येऊ शकतात. आपल्या देशातल्या डॉक्टरांनीही कापूर-निलगिरीच्या बाम आणि तेलांनंतर मोठ्या माणसांनासुद्धा फीट आल्याच्या नोंदी केल्यात. तुमच्या मुलीला किंवा घरात कोणाला आकडीचा त्रास असेल, तर तुमच्या घरात हा विषय इथेच संपला.

दुसरा धोका पोटात जाण्याचा, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याची वाटते. जर्मनीत सिनिओलच्या कॅप्सूल मोठ्या माणसांना श्वासनलिकेच्या विकारात देतात. त्या १०० किंवा २०० मिलिग्रॅमच्या असतात, मोजून भरलेल्या. आता आपल्याकडचा औषधाचा चमचा घ्या, ५ मिलिलिटरचा. त्यात साधारण साडेचार ग्रॅम निलगिरी तेल बसतं, म्हणजे तीन ग्रॅमच्या वर सिनिओल. २०० मिलिग्रॅमच्या पंधरा-सोळा कॅप्सूल एका चमच्यात. आणि तो चमचा दहा किलोच्या लेकराच्या पोटात. लहान मुलांच्या पोटात २-३ मिलिलिटर गेल्यावरही उलट्या, गुंगी, अंग सैल पडणं, झटके असं झाल्याच्या नोंदी आहेत. काही मुलांना त्याहून जास्त जाऊनही फार काही झालं नाही, हेही खरं. कोणत्या मुलाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून मी यात जुगार खेळत नाही.

आणि हे पोटात जातं कसं? मूल बाटली उचलून पितं, हा एक मार्ग. दुसरा मार्ग घरातल्या मोठ्यांच्या हातून जातो. रात्री दोनचा सुमार, दिवे गेलेले, खोकल्याचं सिरप आणि निलगिरी दोन्ही तपकिरी काचेच्या बाटलीत, एकाच फडताळात शेजारी शेजारी. झोपेतल्या माणसानं चमचा भरला तो भलत्याच बाटलीतून. माझ्या दुकानात अशी धावत आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत कोणी निष्काळजी नव्हतं, उलट काळजीनं जागे असलेले आई-बाप होते. म्हणून सांगते, आज उठून एवढं करा: निलगिरी, कापूर, लवंगेचं तेल, वेदनाशामक तेलं ही सगळी औषधाच्या फडताळातून काढून वेगळ्या डब्यात, तुमच्या डोक्याच्या वर ठेवा. तेल कधीही दुसऱ्या बाटलीत, विशेषतः सिरपच्या रिकाम्या बाटलीत ओतू नका. बाटलीच्या तोंडाशी थेंब-थेंब पडणारं आतलं बूच नसेल तर ती बाटली लहान मूल असलेल्या घरात नको. सहलीत घेतलेल्या बाटल्यांना बरेचदा ते नसतंच.

कधी पोटात गेलंच तर उलटी करवू नका. मीठ-पाणी नको, घशात बोट नको. हे तेल पातळ आणि उडणारं. उलटीबरोबर श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते, आणि मधेच झटका आला तर मूल गुदमरतं. तोंड पुसून घ्या, बाटली बरोबर घ्या आणि थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. कोल्हापूर शहरात असाल तर सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, गगनबावडा-शाहूवाडीकडे असाल तर १०८ ला फोन करा. मूल हसतंखेळतंय म्हणून घरी वाट बघू नका. लक्षणं कधी अर्ध्या तासात दिसतात, कधी काही तासांनी.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मला खोडून काढायचं नाही. त्यांच्या लहानपणी वापरात काय होतं ते आठवायला सांगा. पाला उकळलेलं पाणी, ओव्याची पुरचुंडी, तव्यावरचा शेक. शंभर किलो ताजा पाला वाफेवर गाळला तर साधारण एक-दोन किलो तेल निघतं. चार पानं पातेल्यात उकळणं आणि बाटलीतलं तेल थेट कातडीला चोळणं यांत तेवढं अंतर आहे. त्यांचा अनुभव खोटा नाही. हातातली वस्तू बदलली आहे. माझ्या अनुभवात घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना "तुमचं चुकतंय" म्हटलं की त्या ऐकत नाहीत, आणि हे असं समजावलं की बाटली स्वतः उचलून वर ठेवतात.

ओव्याच्या पुरचुंडीबद्दल दोन शब्द. ओवा भाजून कापडात बांधून कोमट असताना मुलाच्या छातीपासून, पायांच्या तळव्यांपासून दूरवर फिरवली, वास खोलीत पसरला, तर माझी हरकत नाही. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तव्यावरच्या ओव्यानं भाजलेली कातडी मी पाहिली आहे. पण त्यात कापूर घालू नका. करोनाच्या काळात ओवा, लवंग, कापूर अशी पुरचुंडी हुंगायचं फार पसरलं, ती सवय अनेक घरांत राहिली. रांगतं मूल ती तोंडात घालतं. आरतीच्या कापराच्या वड्या तर दिसायला खडीसाखरेसारख्या, आणि लहान मुलाच्या पोटात साधारण एक ग्रॅम कापूरही जिवावर बेतू शकतो. झटके अगदी काही मिनिटांत येतात. देवघरातला कापूर खालच्या कप्प्यात असेल तर निलगिरीच्या आधी तो उचला.

मग मुलीच्या चोंदलेल्या नाकाचं काय? हाच तर तुमचा खरा त्रास आहे, आणि यावर साधं उत्तर आहे. मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाइनचे नाकात टाकायचे थेंब मिळतात, ०.६५ टक्क्यांचे. झोपायच्या आणि खाण्याच्या आधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, मिनिटभर थांबायचं, मग मऊ कापडानं किंवा शेंबूड ओढायच्या छोट्या पंपानं पुसून घ्यायचं. घरी मीठ कालवून करू नका, प्रमाण चुकतं. अंगावरचं दूध चालू असेल तर वारंवार पाजा. तिला वर्ष पूर्ण झालंय, म्हणून रात्री खोकला असेल तर अर्धा चमचा मध चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कधीच नाही. सर्दी-खोकल्याचं सिरप स्वतःहून नेऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा इशारा त्या बाटल्यांवर छापायचा आदेश २०२३ मध्ये निघाला. २ वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत, असा सल्ला केंद्रीय आरोग्य खात्यानं २०२५ मध्ये दिला. तरीही लोक येऊन जुनी बाटली दाखवतात आणि "हीच द्या" म्हणतात. मी देत नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. पावसाळ्यात आपली घरं बंद असतात. आत दोरीवर ओले कपडे, भिंतीला बुरशी, संध्याकाळी धूप, रात्री डासांची कॉइल. हिवाळ्यात शेताकडेला राहत असाल तर पाचट जाळल्याचा धूर. जी सर्दी "जातच नाही" तिच्यामागे पुष्कळदा हे असतं. मुलीच्या खोलीतून कॉइल आणि धूप काढून मच्छरदाणी लावली, कपडे दुसरीकडे वाळवले, की पंधरा दिवसांत फरक कळतो. बंद खोलीत निलगिरीचा वास भरणं हे त्यात आणखी एक झोंबणारं घालण्यासारखं आहे. दमेकरी माणसालाही ते बाधतं.

आणि डॉक्टरांकडे कधी जायचं: ती शांत झोपलेली असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. १ ते ५ वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान श्वास (वर्षाच्या आत, दोन महिन्यांनंतर, ही रेषा ५० ची). श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, दूध-पाणी न घेणं, सुस्त पडणं, ओठ निळसर दिसणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी जा. आणि सर्दी महिनोन्‌महिने चालली असेल तर ही लक्षणं नसतानाही एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.

इथवरचं थोडक्यात: मुलीला तेल नाही, रुमालावर नाही, छातीला नाही, वाफेत नाही. ती तीन वर्षांची होईपर्यंत मी तरी हेच सांगेन, आणि त्यानंतरही डॉक्टरांना विचारून, भरपूर पातळ करून, नाकापासून दूर. आता मोठ्यांचं.

यजमानांचा गुडघा. इथे तेलाला खरी जागा आहे. आपल्याकडे तालमींतून मालिश अंगवळणी पडलेली आहे, आणि पैलवान पोरं माझ्याकडे निलगिरी मागायला येतात. त्यांना मी जे सांगते तेच तुम्हाला: नुसतं तेल कातडीला लावायचं नाही. १०० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात २ मिलिलिटर निलगिरी, बस. थेंब मोजू नका, थेंब लहान-मोठा पडतो. सुई नसलेल्या सिरिंजनं मोजा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर बघा, लाल झालं, खाज आली तर सोडून द्या. खरचटलेल्या जागी नको. आखाड्यातल्या पोरांना हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण त्यांचं कोपर-गुडघा कायम सोललेलं असतं. लावल्यावर वरून पट्टी घट्ट बांधून गरम पिशवीनं शेकू नका; झाकलेल्या, तापलेल्या कातडीतून तेल जास्त आत जातं आणि कातडी भाजल्यासारखी होते. यजमानांनी तेल लावलं की साबणानं हात धुतल्याशिवाय मुलीला घ्यायचं नाही. डोळे चोळायचे नाहीत, हे त्यांना अनुभवानं ठाऊक असेल.

आराम किती पडेल? चोळण्यानं, उबेनं आणि त्या गार-गरम जाणिवेनं दुखणं काही वेळ मागे सरतं. गुडघ्याची झीज भरून येत नाही. सूज असेल, गुडघा अडकत असेल तर तेलावर वेळ घालवू नका.

वाफारा मोठ्यांनीच घ्यावा, आणि तोही साध्या पाण्याचा पुरतो. तेल घालायचंच तर मोठ्या पातेल्याला एक-दोन थेंब, डोळे मिटून, पाच मिनिटं. पातेलं गॅसवरून उतरवून, स्थिर टेबलावर. मूल त्या खोलीत नको. वाफाऱ्याच्या पातेल्यानं लहान मुलं भाजण्याचे प्रकार घडतात. तेल पेटतं, म्हणून शेगडीजवळ बाटली उघडू नका. आकडीचा त्रास असेल तर नकोच; गरोदर बाई असेल किंवा दम्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि पोटात घ्यायचं नाही, साखरेवर थेंब टाकूनही नाही, कोणीही सांगितलं तरी.

बाटली खरी आहे का, हेही तुम्ही विचारलंय. घरी करता येईल अशी एक चाचणी: पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून पंख्याखाली ठेवा. शुद्ध तेल उडून जातं, तेलकट डाग राहत नाही. डाग राहिला तर त्यात खनिज तेल किंवा खायचं तेल मिसळलंय. टर्पेंटाइनची भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही, कारण तेही उडतं. म्हणून ज्यावर वनस्पतीचं नाव, बॅच, तारीख, उत्पादकाचा पत्ता नाही अशी बाटली मी अंगाला लावायला सांगत नाही. वास लिंबासारखा येत असेल तर ती वेगळीच निलगिरी, सिट्रिओडोरा. तिच्यात सिनिओल नाही तर सिट्रोनेलाल भरपूर असतं. ती डासांसाठी आणि साबणात वापरतात, नाकासाठी तिचा उपयोग नाही. आपल्या बांधांवर, माळावर उभी असलेली झाडंही बहुतेक उटीच्या जातीची नव्हेत, त्यांच्या तेलात सिनिओल कमी-जास्त असतं.

तुमच्या बाटलीवर जर नुसतं "निलगिरी तेल, उटी" एवढंच असेल, तर ती लादीसाठी ठेवा. पण तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, आणि पुसताना एकाच जागी सगळं बसतं. रांगणारं, हात तोंडात घालणारं मूल त्याच जागेवरून जातं. म्हणून मुलगी लहान आहे तोवर साध्या साबणानं पुसा. नंतर वापराल तेव्हा चमचाभर द्रवसाबणात चार-पाच थेंब आधी नीट घोळवा, मग बादलीत घाला, आणि लादी वाळेपर्यंत मुलीला त्या खोलीत येऊ देऊ नका. घरात मांजर असेल तर लादीला हे तेल नंतरही नको, मांजराला ही तेलं पचत नाहीत.

आणि आज बाटली वर ठेवताना तिच्यावर उघडल्याची तारीख लिहा. हवेनं आणि उजेडानं तेल जुनं होतं आणि मग कातडीला जास्त खाजवतं. वर्ष-दीड वर्षानंतर यजमानांच्या गुडघ्यासाठी नवी, नीट लेबल असलेली छोटी बाटली घ्या. मोठी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. उरलेलं तेल वर्षानुवर्षं घरात पडून राहतं.